ठिपके आहेत की नाहीत? : वऱ्हाडातील पक्षीनोंदी आणि दोन कॅमेरे

१८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात एक लहान घुबड टिपले. 'टिपले' म्हणजे बंदुकीने टिपले. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात ते नवी जात म्हणून जाहीर केले आणि ब्लेविट यांचे नाव तिला दिले. मराठीत आपण या पक्ष्याला रानपिंगळा म्हणतो. नंतरच्या दहा-बारा वर्षांत याचे मोजकेच नमुने मिळाले. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवले होते. १८८४ नंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला.

आज या रानपिंगळ्याच्या महत्त्वाच्या आश्रयस्थानांत अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटचे नाव घेतले जाते. त्यामुळे वऱ्हाडात पक्षीनोंदींचा पुरावा कसकसा बदलत गेला हे पाहायचे, तर या एका पक्ष्यापासून सुरुवात करणे सोयीचे. त्या बदलाचा शेवटचा टप्पा गेल्या बारा-पंधरा वर्षांतला आहे. तो दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांनी घडवला : आता जुना झालेला सुपरझूम ब्रिज कॅमेरा आणि व्यावसायिक छायाचित्रकारांच्या खांद्यावर दिसणारा मिररलेस. कोणता चांगला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर तो प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो : चांगला, पण कशासाठी?

कातडे आणि चिठ्ठी

ह्यूमच्या काळात पक्षी पाहिला एवढे सांगून भागत नसे. पक्षी मारायचा, कातडे सोलून आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचे नाव. हा झाला पुरावा. तो जंगलातून निघून शेवटी इंग्लंडच्या संग्रहालयात पोचे. ज्या मुलखातला पक्षी, त्या मुलखातल्या माणसाच्या हाती काहीच उरत नसे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी हा पक्षी रोज पाहिला असेल. पण त्यांच्या पाहण्याला नोंद म्हणून किंमत नव्हती.

मात्र हा पुरावाही खोटा करता येतो, हे रानपिंगळ्यानेच दाखवून दिले. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. त्याच्या संग्रहात तसा नमुनाही होता. पुढे डिलन रिप्ले आणि सलीम अली यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला, तरी पक्षी मिळाला नाही. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले. माइनर्ट्झहागेनचा नमुना म्हणजे डेव्हिडसननेच मिळवलेला जुना पक्षी होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. कातडे खरे, चिठ्ठी खोटी. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये 'आयबिस' या शोधपत्रिकेत हे सारे प्रसिद्ध केले.

खोटी चिठ्ठी बाजूला ठेवल्यावर कुठे शोधायचे हे स्पष्ट झाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा व्हायचा होता. १८८४ नंतर ११३ वर्षांनी हा पक्षी पुन्हा नोंदला गेला. या वेळी त्याला मारावे लागले नाही. छायाचित्रे घेतली, चित्रफीत केली, आणि तेवढे पुरेसे ठरले.

कारण प्रश्न एका खुणेचा होता. गावातल्या चिंचेवर बसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. शिवाय शेपटीवर आणि पंखांवर ठळक पट्टे, पोट पांढरे स्वच्छ, पाय दणकट. दिवसाढवळ्या शिकार करणारे हे घुबड आहे. डोके नीट दिसले की वाद मिटतो. शंभर वर्षांचे कोडे शेवटी येऊन थांबते ते एवढ्यावर : ठिपके आहेत की नाहीत?

ब्रिज कॅमेरा : पुरावा गावात आला

फिल्मच्या काळात ही खूण टिपणे सोपे नव्हते. एका रोलमध्ये ३६ चित्रे, लांब पल्ल्याची लेन्स महाग, आणि रोल धुऊन येईपर्यंत हाती काय लागले ते कळायचे नाही. पुढे डिजिटल एसएलआर आले. पण पक्ष्यांसाठी लागणारी लेन्स बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच राहिली. वडाळी आणि छत्री तलावावर, अकोल्याच्या कापशी तलावावर किंवा काटेपूर्णेच्या जलाशयावर सकाळी जाणाऱ्या शिक्षक, नोकरदार, विद्यार्थी मंडळींकडे दुर्बीण आणि वही असे. ज्येष्ठांनी विचारले, "फोटो आहे का?" की अर्ध्या नोंदी तिथेच अडत.

'ब्रिज' हे नाव १९८० च्या दशकाच्या अखेरीस फिल्म कॅमेऱ्यांच्या जमान्यातच रूढ झाले. खिशातला छोटा कॅमेरा आणि मोठा एसएलआर यांना जोडणारा पूल, असा त्याचा अर्थ. पण पक्षिनिरीक्षकांच्या दृष्टीने हा पूल खरा बांधला गेला तो नंतर. २०१२ मध्ये कॅननचा एसएक्स ५० आला, ५० पट झूमचा. २०१५ मध्ये निकॉनचा कूलपिक्स पी ९०० आला, ८३ पट झूमचा. फुल फ्रेमच्या हिशेबात २४ ते २००० मिलिमीटर पल्ला, वजन ८९९ ग्रॅम, लेन्स बदलण्याची भानगड नाही, आणि किंमत साध्या दुचाकीहून कमी. आणखी एक गोष्ट त्यात होती, जिची जाहिरातीत फार चर्चा झाली नाही. कॅमेऱ्यातच जीपीएस होते. ते चालू ठेवले की प्रत्येक चित्राच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदले जाई. डेव्हिडसनच्या काळी जी चिठ्ठी पक्ष्याच्या पायाला बांधावी लागे, ती आता चित्रातच लिहिली जाऊ लागली.

याच सुमारास, २०१४ मध्ये, ईबर्डचे भारतातले काम संघटितपणे सुरू झाले. नेहमीपेक्षा वेगळी नोंद दिसली की तपासणारे छायाचित्र मागतात. ते सुंदर असावे लागत नाही. ओळख पटली पाहिजे. अशा वेळी तलावाच्या पलीकडच्या काठावरच्या पक्ष्याचे दाणेदार, फिकट चित्रसुद्धा नोंद होऊन बसते.

दोन कॅमेरे, एक घुबड

आता तुलना मांडू. एका बाजूला पी ९००. दुसऱ्या बाजूला निकॉनचाच २०२१ चा झेड ९, त्याला १८०-६०० मिलिमीटरची लेन्स. या जोडीचे वजन सव्वातीन किलोच्या घरात. बॉडीचीच किंमत चार लाखांच्या वर, लेन्स वेगळी.

पहिला फरक सेन्सरचा. पी ९०० चा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. झेड ९ चा ३६ × २४. क्षेत्रफळात तीस पट तफावत. एवढ्यावरून अनेक जण निकाल देऊन मोकळे होतात. पण दूरच्या पक्ष्याच्या बाबतीत हा हिशेब फसवा आहे. पक्ष्याकडून येणारा किती प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो, हे लेन्सच्या तोंडाच्या उपयोगी व्यासावर ठरते. पूर्ण झूमवर पी ९०० चा हा व्यास सुमारे ५५ मिलिमीटर. ६०० मिलिमीटरवर एफ ६.३ च्या लेन्सचा सुमारे ९५. म्हणजे मोठा कॅमेरा त्याच पक्ष्याकडून तिप्पट प्रकाश घेतो, तीस पट नव्हे. बारकावा टिपण्याची क्षमताही याच व्यासामुळे पावणेदोन पट होते.

पन्नास मीटरवर सागाच्या फांदीवर रानपिंगळा बसला आहे असे समजू. पक्षी सुमारे २३ सेंटीमीटरचा. पी ९०० च्या चित्रात तो साधारण १,२०० पिक्सेल उंच येईल, झेड ९ च्या चित्रात ६३० च्या आसपास. छोट्या कॅमेऱ्याचे चित्र मोठे, पण मऊ. मोठ्या कॅमेऱ्याचे चित्र लहान, पण रेखीव. आपल्या मूळ प्रश्नाचे, ठिपके आहेत की नाहीत याचे, उत्तर चांगल्या उजेडात दोन्ही देतात.

उजेड गेला की गणित बदलते. मेळघाटच्या दरीत ऊन लवकर उतरते. तिथे छोट्या सेन्सरच्या चित्रात रवाळपणा येतो, आणि तो पुसायला कॅमेऱ्यातली प्रणाली पिसांचे बारकावेही पुसते. पी ९०० कच्ची, म्हणजे रॉ, फाइल देतच नाही. त्यामुळे असलेले ठिपके कॅमेऱ्यानेच पुसले की मुळात नव्हतेच, ही शंका राहू शकते. मिररलेस इथे निर्विवाद सरस. उडत्या पक्ष्याच्या बाबतीतही तेच. हिवाळ्यात गवताळ माळावर जमिनीलगत तरंगत जाणारा भोवत्या पी ९०० च्या चौकटीत पकडणे महाकठीण. पूर्ण झूमवर पन्नास मीटर अंतरावर त्याला जेमतेम ९० सेंटीमीटर रुंदीचा तुकडा दिसतो, आणि फोकस मागेपुढे शोधत बसतो. झेड ९ पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवतो आणि सेकंदाला २० चित्रे घेतो. भोवत्यांच्या माद्या आणि पिल्ले यांची जात ओळखताना पंखाखालची नक्षी लागते. तशी खात्रीची नोंद छोट्या कॅमेऱ्याकडून क्वचितच मिळते.

आणि एक परीक्षा अशी आहे, जिथे दोघेही नापास. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या मातीवरची हवा उकळल्यासारखी थरथरते. लांबचे चित्र या झळांत विरघळते, लेन्स कितीही मोठी असो. उन्हाळ्यातली नोंद सकाळी आठच्या आत करावी, हा जुन्या निरीक्षकांचा नियम दोन्ही कॅमेऱ्यांनी मान्य केला आहे.

आजची चिठ्ठी

कॅमेरा म्हणून व्यावसायिक मिररलेस श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. पण वऱ्हाडच्या पक्षीनोंदींचा इतिहास लिहिणाऱ्याला पुढे कोणत्या चित्रांची गरज पडेल? अमुक तलावावर अमुक साली कोणते बदक येत होते, अमुक माळ नांगरला जाण्यापूर्वी त्यावर कोण उतरत होते, हे सांगणारी चित्रे त्याला हवी असतील. ती संख्येने पुष्कळ, ठिकठिकाणची, वर्षानुवर्षांची असावी लागतात. एखाद्याच्या सहा लाखांच्या कॅमेऱ्यातून ती येत नाहीत. अनेकांच्या साध्या कॅमेऱ्यांतून येतात. पुराव्याची मालकी इंग्लंडमधल्या कपाटातून अचलपूर, अकोट, मोर्शीपर्यंत आली ती ब्रिज कॅमेऱ्यामुळे. हे श्रेय त्याला द्यायला हवे.

मिररलेसची नवी जबाबदारी वेगळी आहे. हल्ली चित्र घरी आणून संगणकावर रवाळपणा काढणारी, पिसे 'सुधारणारी' कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते. ती नसलेले बारकावेही भरू शकते. बिनठिपक्यांच्या डोक्यावर ठिपका उमटला, किंवा असलेला गेला, तर तो माइनर्ट्झहागेनच्या नव्या चिठ्ठीचाच प्रकार झाला. फरक इतकाच की इथे फसवण्याचा हेतू नसेल. म्हणून रॉ फाइल जपणे हा आता नोंदीचा भाग मानला पाहिजे. दुसरीकडे ठिकाणाची अचूक माहिती जपून वापरावी लागते. घरट्याचे अक्षांश-रेखांश सर्वांसमोर मांडले की तिथे गर्दी होते. दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत चिठ्ठी असावी, पण सर्वांना वाचता येऊ नये.

पी ९०० आता बाजारातून गेला आहे. ज्यांनी तो घेतला होता, त्यांतल्या अनेकांनी नवा कॅमेरा घेतला, आणि जुनी मऊ, रवाळ चित्रे लाज वाटून पुसून टाकली किंवा बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये सोडून दिली. रानपिंगळ्याचा पत्ता पुन्हा लागला तो जुन्या कातड्यांवरून आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरून. त्या कातड्यांतले एकही देखणे नव्हते. २०१५ ते २०२० या काळातली वऱ्हाडातली ती चित्रे आज गोळा केली, तारीख-ठिकाणासह एका जागी ठेवली, तर पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडेल. त्यासाठी नव्या कॅमेऱ्याची गरज नाही. जुनी कार्डे आणि डिस्क काढून, त्या अजून उघडतात तोवर, बसायला हवे.