कुलूप केवढं असावं?

एका कोड्यापासून सुरुवात करू. बँकेची संगणक-यंत्रणा मंदावली आहे, खिडकीवर लोक ताटकळलेत. आणि प्रोसेसर बघावा तर निम्मा रिकामा! हे कसं?

तर व्यवहार कुलपासाठी थांबलेत. एका खात्याच्या नोंदीवर एकाचं काम चालू असताना दुसऱ्यानं तिथं हात घालू नये, म्हणून डेटाबेस त्या नोंदीला 'लॉक' लावतो. थांबलेला व्यवहार प्रोसेसर वापरत नाही, डिस्कही नाही. पण आधी घेतलेली कुलपं मात्र धरून बसतो. त्यामुळे प्रोसेसर आणि डिस्कच्या वेळेची नुसती बेरीज करून वेगाचं भाकीत केलं, की ते फसतं. म्हणून संशोधक सिम्युलेशनकडे वळले.

१९७६ मध्ये आयबीएमच्या जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी कुलपाच्या आकाराचा प्रश्न नीट मांडला. अख्ख्या फाईलला एक कुलूप लावलं तर हिशेब सोपा, पण बाकीचे सगळे खोळंबतात. प्रत्येक नोंदीला वेगळं लावलं तर खोळंबा कमी, पण कुलपं सांभाळण्याचाच खर्च वाढतो.

१९७७ मध्ये रीस आणि स्टोनब्रेकर यांनी सिम्युलेशन करून सांगितलं: मोठी कुलपं बरी. आणि दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, त्यांनीच आपला निष्कर्ष पुन्हा तपासला. पहिल्या प्रतिरूपात त्यांनी धरलं होतं, की व्यवहाराला लागणाऱ्या नोंदी मोजक्या कुलपांखाली एकत्र सापडतात. त्या विखुरलेल्या धरल्या आणि व्यवहार अगदी छोटे असले, तर बारीक कुलपं सरस ठरली. बघा, गणित तेच, गृहीतक बदललं!

पुढे दुसरा वाद रंगला. टक्कर झाली तर थांबावं, की काम टाकून पुन्हा सुरू करावं? एकेक अभ्यास एकेक उत्तर देई. १९८७ मध्ये अग्रवाल, केरी आणि लिव्हनी यांनी गाठ सोडवली. प्रोसेसर आणि डिस्क अमर्याद धरल्या, तर पुन्हा सुरुवात करणं परवडतं. त्या मर्यादित धरल्या, तर वाया गेलेलं काम महागात पडतं आणि थांबणंच बरं.

म्हणून कुणी उद्या तुम्हाला सांगितलं, 'आमची यंत्रणा सेकंदाला इतके व्यवहार पेलेल', तर आकड्याआधी गृहीतकं विचारा. व्यवहार केवढे धरलेत? नोंदी विखुरलेल्या की एकत्र? यंत्रं किती? स्वतःचाच निष्कर्ष दोन वर्षांत पुन्हा तपासणाऱ्या त्या दोघांकडून आपण एवढं तरी शिकावं.