आजीची तुळस

मंडळी, ज्येष्ठ सरत आला की मला आजी आठवते. ती ऐन तारुण्यात विधवा झाली. घरी हळदीकुंकू असलं की मागच्या खोलीत बसायची. स्वैपाक, दळण, बाळंतपणं सगळं तिच्यावर, पण मानाच्या जागी ती कधी नव्हती. वारीत मात्र तिच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असायचं आणि अनोळखी माणसंही 'माऊली' म्हणून तिच्या पाया पडायची!

पालखी सोहळ्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेलच. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली तो सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांच्या पालखीचा सोहळा वेगळा काढला. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले, त्यामुळे सोहळ्याला फौजेसारखी शिस्त आली. काही दिंड्या रथापुढे, काही मागे, प्रत्येकीला क्रमांक. दिंडीतही पताकावाले, टाळकरी, मृदंगी, विणेकरी आणि तुळस घेतलेल्या बायका, ज्याचं त्याचं काम नेमलेलं.

मला सगळ्यात आवडते ती मुक्कामाची समाजआरती. चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ एकदम गप्प. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणं ऐकून घेतो. आमच्या घरात आजीचं गाऱ्हाणं ऐकायला कोण गेलं?

पंढरपूरहून परत आली की आजी पुन्हा मागच्या खोलीत. लहानपणी मी तिला विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "पुढच्या ज्येष्ठात परत जायचंय की गं."

त्या अठरा-वीस दिवसांवर तिने बाकीचं वर्ष काढलं, हे मी कौतुकाने सांगत असे. आता वाटतं, मान तिला बाहेर मिळत होता म्हणून आम्हा घरच्यांना तो न देणं सोपं गेलं. माझ्या लग्नात तिने मागे उभं राहूनच अक्षता टाकल्या. मी बीए झालेली, शाळेत शिकवणारी. मीसुद्धा तिला पुढे बोलावलं नाही.

असो. तुमच्याही घरात अशी एखादी मागची खोली असेल, तर एकदा डोकावून बघा.