शोषखड्डा, विहीर आणि नगराची मलवाहिनी

नगरांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार राजवाडे, देवालये, बाजारपेठा आणि लढाया यांविषयी विपुल लिहितात. परंतु त्या नगरांतील मैला व सांडपाणी कोठे जात असे, याविषयी ते बहुधा मौनच पाळतात. विषय शिष्टसंमत नव्हे, हे त्याचे एक कारण असावे. तथापि काही नगरे शत्रूच्या तोफांनी उजाड झाली, तशी काही आपल्याच विहिरींच्या पाण्याने झाली, हेही इतिहासाचेच सांगणे आहे. आणि त्याचे उदाहरण शोधण्यासाठी आम्हां गोमंतकीयांस दूर जावयास नको.

इ. स. १५१० मध्ये आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून जिंकून घेतलेले एला, म्हणजेच आजचे जुने गोवे, हे पुढे पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाले. त्याच्या वैभवाच्या कथा सर्वश्रुत आहेत. त्याच्या आजारांच्या कथा मात्र तितक्या सांगितल्या जात नाहीत. इ. स. १५४३ मध्ये तेथे उद्भवलेल्या एका भयंकर साथीचे वर्णन गास्पार कोर्रैया याने केले आहे, आणि इ. स. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही त्या रोगाची लक्षणे नोंदविली आहेत. वांत्या, जुलाब, हातापायांचे वळ आणि अल्पावधीत मृत्यू. पोर्तुगीज लेखकांनी या रोगास जे ‘मोर्देशी’ असे नाव दिले, ते दुसरे तिसरे काही नसून आमच्या मराठी व कोंकणी घरांतील ‘मोडशी’ हा शब्द होय. पुढे फ्रेंचांनी त्याचा आणखी अपभ्रंश करून त्यास ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ चिकटविला! आज आपण साध्या अपचनास मोडशी म्हणतो. पण त्या एका शब्दामागे पटकीच्या साथींची केवढी छाया आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एलाच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. डचांशी झालेली युद्धे, व्यापाराची घसरण, हिवताप. परंतु दूषित पाणी हे त्यांतील एक प्रमुख कारण होते. भूमी सच्छिद्र, वस्ती दाट, मैल्याचे खड्डे आणि पिण्याच्या विहिरी शेजारीशेजारी. ज्यांस परवडे ते बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी विकत घेत. ज्यांस परवडत नसे ते परसातील विहिरीचे पाणी पीत. अखेर इ. स. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीस आदिलशहाच्या वाड्यात हलविले आणि इ. स. १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. जुन्या नगरात चर्चे तेवढी उरली.

जे एलात घडले तेच लंडनमध्येही घडत होते. इ. स. १८५४ मध्ये तेथील ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावरील एका पंपाभोवती पटकीने थैमान घातले. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडून त्या पंपाकडे बोट दाखविले. आणि रेव्हरंड व्हाइटहेड यांनी पुढे शोध लावला की, जवळच्याच एका घरातील आजारी तान्ह्या मुलाची लंगोटे धुतलेले पाणी ज्या मैलाकुंडात ओतले गेले होते, ते कुंड पंपाच्या विहिरीपासून अवघ्या काही फुटांवर असून त्याची विटांची बांधणी ढासळलेली होती. कुंड एका घराचे. मृत्यू शेकडो घरांत.

यावर उपाय म्हणून घरोघरची मैलाकुंडे बंद करून घरे थेट गटारांस जोडण्याचा आग्रह लंडनच्या अधिकाऱ्यांनी इ. स. १८४८ पासूनच धरला होता. पण ती गटारे थेट थेम्स नदीत रिकामी होत, आणि त्याच नदीचे पाणी कित्येक कंपन्या नगरास पिण्यासाठी पुरवीत! घरे स्वच्छ झाली, नदी नासली. इ. स. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज चालविणे दुष्कर झाले, तेव्हा कोठे बॅझलगेट या अभियंत्याच्या प्रचंड गटारयोजनेस मंजुरी मिळाली. तीही मैला शुद्ध करीत नव्हती. नगराच्या खालच्या अंगास नेऊन सोडीत होती. मैला दृष्टीआड करणे आणि मैल्याचा निकाल लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा लंडनने फार मोठी किंमत देऊन घेतला.

सेप्टिक टाकीचा जन्म याच शतकातला. फ्रान्समधील व्हझूल येथील मूरा नावाच्या गृहस्थाने इ. स. १८६० च्या सुमारास एक बंदिस्त टाकी बांधली, आणि काही वर्षांनी ती उघडली असता तीत घन मळ अपेक्षेहून फारच थोडा आढळला. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करीत होते. पुढे इ. स. १८९५ मध्ये इंग्लंडातील एक्झेटर येथे डोनाल्ड कॅमरन या नगर-अभियंत्याने अशी टाकी बांधून तिला ‘सेप्टिक’, म्हणजे कुजविणारी, हे नाव दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, इ. स. १८९७ मध्ये, मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू गोळा करून तो उपयोगात आणण्याचा प्रयोग झाला. समाजाने ज्यांस वेशीबाहेर ठेविले, त्यांच्याच आश्रमात ही नवी विद्या आपल्या देशात प्रथम रुजावी, यात आम्हांस एक मोठा बोध दिसतो.

टोपलीचे संडास जाऊन सेप्टिक टाक्या आल्या, तेव्हा त्या खरोखर उपकारकच होत्या; कारण मनुष्याने मनुष्याचा मैला डोक्यावरून वाहण्याची लांच्छनास्पद रीत त्यांनी पुष्कळ अंशी मोडली. परंतु या टाकीविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. टाकी मैला शुद्ध करते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ती केवळ जड मळ तळाशी बसविते आणि त्याचा काही भाग कुजविते. वरून वाहून जाणारे पाणी रोगजंतूंनी भरलेलेच असते. ते गाळण्याचे काम शोषखड्ड्याभोवतीच्या मातीने करावयाचे असते. म्हणूनच शोषखड्डा आणि पिण्याची विहीर यांत किमान १८ मीटर अंतर असावे, असे भारतीय मानक सांगते. आमच्या गोमंतकाची आणि कोंकणाची भूमी तर जांभ्याची! जांभ्यातील भोके व भेगा यांतून पाणी झरझर उतरते. मातीला ते गाळावयास अवसरच मिळत नाही. पावसाळ्यात भूजल वर येते तेव्हा तर खड्डा आणि विहीर यांतील सीमाच पुसली जाते.

आमच्या देवस्थानांस हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, ती अंत्रुज महालातील झऱ्यांच्या आणि कुळागरांच्या आश्रयास. त्या पाण्यावरच तळ्या भरल्या, अभिषेक झाले, अग्रशाळा नांदल्या. पूर्वी अग्रशाळेत यात्रेकरू विहिरीवर स्नान करीत आणि शौचास दूर जात. आता खोलीखोलीस स्नानगृह व शौचालय हवे असते. सोय वाढली, हे योग्यच झाले. पण त्या सोयीचे पाणी जमिनीखाली कोणत्या दिशेस जाते, हे किती विश्वस्त मंडळांनी पाहिले आहे? सोवळ्याने भरलेल्या घागरीत अदृश्य मार्गाने काय येते, हे विचारणे धर्मविरोधी नव्हे. तोच शौचधर्माचा खरा अर्थ होय.

मुक्तीनंतरच्या काळात पणजीत मलवाहिन्यांचे जाळे पसरले. टोंक येथे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले, आणि या शतकात दररोज १ कोटी २५ लाख लिटर क्षमतेचे नवे केंद्र त्याच्या जोडीस आले. मडगाव, वास्को या नगरांतही अशा योजना झाल्या. मलवाहिनी दारावरून गेली असता घरमालकाने जोडणी घ्यावी, अशी अपेक्षा इ. स. २००८ च्या गोव्याच्या कायद्याने ठेविली. तरीही जोडणीस टाळाटाळ करणारे पुष्कळ. कोणी खर्चाकडे बोट दाखवितो, कोणी अंगण उकरावे लागेल म्हणून कुरकुरतो, तर कोणी म्हणतो, “आमची टाकी चांगली चालते.” टाकी चांगली चालते की नाही, हे टाकीच्या मालकास कळत नाही, ते खालच्या अंगाच्या विहिरीस कळते.

ज्याने जोडणी घ्यावयाची ठरविली, त्याने चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घराचे सांडपाणी जुन्या टाकीतून न नेता थेट मलवाहिनीस जोडावे. नळास योग्य उतार असावा. घर रस्त्याहून खोलगट असल्यास पंपाची सोय लागेल, हे आधीच विचारून घ्यावे. पागोळ्यांचे व अंगणातील पावसाचे पाणी मलवाहिनीत कदापि सोडू नये; आमच्याकडील पावसाने ती तुंबून मैला रस्त्यावर येतो. आणि जुनी टाकी तशीच पोकळ टाकून न देता, यंत्राने उपसून, तळ फोडून, वाळूने वा दगडमातीने भरून घ्यावी.

यंत्राने, हा शब्द आम्ही जाणूनबुजून लिहिला आहे. टाकीतील वायू क्षणार्धात प्राण घेतो. संरक्षक साधनांवाचून त्यात माणूस उतरविणे हा इ. स. २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी अशा मृत्यूंच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने इ. स. २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबास १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि इ. स. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण रक्कम वाढली म्हणून पाप हलके होत नाही. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतःहून मागितले, आणि ते नाकारले गेले म्हणून गांधीजींनी डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात उपोषण आरंभिले, ही घटना आमच्याच मुलखातील आहे. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी या कामातील घाण आणि त्यामागील जातिभेद दोन्ही दूर करण्यासाठी आयुष्य वेचले.

मलवाहिनी हे काही सर्व दुःखांचे औषध नव्हे. ती जेथे पोहोचते तेथील केंद्र नीट चालले नाही, तर लंडनने थेम्सचे जे केले तेच आपण मांडवीचे करू. म्हणून जोडणी घेणाऱ्याने नगरपालिकेस जाब विचारण्याचा हक्कही बजाविला पाहिजे. आणि जेथे मलवाहिनी यावयास अजून अवकाश आहे, तेथे टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसून घेणे, विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घेणे, एवढे तरी प्रत्येक घराच्या व देवस्थानाच्या हाती आहे. एलाच्या नागरिकांस आपल्या विहिरीत काय मुरते आहे हे कळण्याचे साधन नव्हते. आपल्यास ते आहे. मग न कळल्याची सबब आपल्यास कशी चालेल?