आकडे शिकवा, अक्षरं नकोत

लिहून काय होतं, असं विचारणारे दोन प्रकारचे भेटतात. एक, साहित्य म्हणजे निव्वळ आनंद असं म्हणून खुर्चीत रेलणारे. दुसरे आपलेच, मोर्चाहून दमून आलेले. ते म्हणतात, कविता-बिविता राहू दे, आधी कामाचं बोल. दोघांनाही माझं एकच सांगणं आहे. लेखणीनं काय होतं हे लेखकाला विचारू नका. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांना विचारा. त्यांनी उत्तर कायद्यातच लिहून ठेवलंय.

नॉर्थ कॅरोलायना राज्याचा १८३० सालचा कायदा बघा. गुलामाला लिहा-वाचायला शिकवणाऱ्या गोऱ्याला १०० ते २०० डॉलर दंड, नाहीतर तुरुंग. गुलामानंच दुसऱ्या गुलामाला शिकवलं तर उघड्या पाठीवर ३९ फटके. पण एक सवलत होती : आकडे शिकवायला हरकत नाही! म्हणजे मालकाच्या मालाचा हिशेब त्यानं ठेवावा, स्वतःच्या जगण्याचा हिशेब मात्र मांडू नये. हे ऐकून आपल्याला काय आठवतं, ते वेगळं सांगायला नको.

मालक एवढे का भ्याले? एक कारण होतं डेव्हिड वॉकर. बोस्टनमधला काळा माणूस. जुन्या कपड्यांचं दुकान चालवायचा. काळ्यांचं पहिलं वर्तमानपत्र न्यूयॉर्कला १८२७ साली निघालं, त्याचा बोस्टनमधला प्रतिनिधी हाच. १८२९ साली यानं एक पुस्तिका छापली. तिच्यात दयेची याचना नव्हती. गुलामांना त्यानं थेट सांगितलं की तुम्ही माणसं आहात, उठा. खलाशांच्या हातून ती दक्षिणेच्या बंदरांत पोचली. जॉर्जियाच्या विधिमंडळानं तातडीनं कायदे केले. असल्या साहित्यावर बंदी आली, काळे खलाशी असलेल्या जहाजांवर निर्बंध आले. एका जुन्या कपडेवाल्यापायी अख्खं सरकार कामाला लागलं. पुढच्याच वर्षी वॉकर वारला, पण पुस्तिका फिरतच राहिली.

त्यानंतरचा फ्रेडरिक डग्लस. बाल्टिमोरमध्ये मालकीण त्याला मुळाक्षरं शिकवायला लागली, तर मालकानं बंद पाडलं. पोरगं हुशार. घरातली भाकरी खिशात घालून जायचं आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना देऊन त्यांच्याकडून अक्षरं शिकायचं. १८३८ साली तो पळाला. गुलामगिरीविरोधी सभांतून बोलायला लागला. तिथले गोरे कार्यकर्ते चांगलेच होते, पण म्हणायचे, तू फक्त घडलेलं सांग, विचार आम्ही मांडतो! १८४५ साली त्यानं आपली कहाणी स्वतःच्या हातानं लिहून छापली आणि १८४७ साली मित्रांचा सल्ला बाजूला सारून स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. विचारही मीच मांडीन, हे त्याचं उत्तर.

आता ज्या पुस्तकाचं नाव सगळे घेतात, ते. हॅरिएट बीचर स्टोव या गोऱ्या बाईंची ‘अंकल टॉम्स केबिन’. १८५२ साली पुस्तक निघालं, वर्षभरात अमेरिकेत ३ लाख प्रती खपल्या. उत्तरेतल्या घराघरांत लोक रडले. हे काम लहान नाही, ते नाकारू नये. पण त्यातला टॉम सोसत सोसत मरतो. पुढे काळ्यांनीच ‘अंकल टॉम’ हे नाव गोऱ्यांपुढे वाकणाऱ्या आपल्या माणसाला शिवी म्हणून वापरलं. सहानुभूतीतून उभं केलेलं आपलं चित्र आपल्याला पटेलच असं नाही.

याच बाईंशी गाठ पडली हॅरिएट जेकब्सची. तिची कहाणी नीट लक्षात ठेवा. मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी ही बाई आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ ७ वर्षं लपून राहिली. उंची जेमतेम ३ फूट, उभं राहायची सोय नाही. फटीतून खालची आपलीच लेकरं बघायची, हाक मारता यायची नाही. १८४२ साली ती उत्तरेत पळाली. स्टोवबाईंची मदत मिळेल म्हणून तिनं विचारून पाहिलं. बाईंना ती कहाणी आपल्याच पुस्तकात घालायची होती. जेकब्स नाही म्हणाली. दिवसा दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, रात्री लिहायची. प्रकाशक बुडाला, तर छपाईचे साचे तिनं स्वतः विकत घेतले आणि १८६१ साली पुस्तक काढलं. टोपणनावानं.

तेवढ्यात यादवी युद्ध पेटलं. नुसत्या पुस्तकांनी गुलामगिरी गेली असं कुणी म्हणू नये. रक्त सांडावं लागलं. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. पण त्यांनी भरती व्हावं म्हणून १८६३ साली हाक देणारा डग्लसच होता. त्यानं आपले मुलगेही पाठवले आणि काळ्या सैनिकाला समान पगार मिळावा म्हणून लिंकनला जाऊन भेटला. १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानं संपली. जवळजवळ ४० लाख माणसं मोकळी झाली. ही बातमी पुण्यात जोतीरावांपर्यंत पोचली. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना.

आणि जेकब्सचं काय झालं? शंभराहून जास्त वर्षं पंडित म्हणत राहिले, ही तर कादंबरी, एखाद्या गोऱ्या बाईनं लिहिलेली. गुलाम बाईला एवढं लिहिता येईलच कसं? शेवटी तिनं एका मैत्रिणीला लिहिलेली पत्रं जुन्या कागदांत सापडली. हस्ताक्षर तिचं, भाषा तिची, तारखा जुळल्या. १९८७ साली संशोधनासह नवी आवृत्ती निघाली तेव्हा कुठं तिचं पुस्तक तिच्या नावावर पक्कं झालं.

म्हणून मित्रांनो, पुढचा स्टेन्सिल कापायला बसाल तेव्हा लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घाला. आयाबायांनी सांगितलेलं त्यांच्याच नावानं छापा. आलेली पत्रं, सभांच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नका, ट्रंकेत ठेवा. हे तुम्ही लिहिलंच नाही, असं म्हणणारा उद्या कुणीतरी येणारच आहे. तेव्हा ट्रंक उघडता आली पाहिजे.