शिवराई, फुलूस आणि बिटकॉइन

एकोणिसाव्या शतकात शिरूर-दौंडकडच्या बाजारांत चांदीचा रुपया मोडला की हातात तांब्याच्या शिवराया पडायच्या. किती, ते सराफाच्या त्या दिवशीच्या भावावर. म्हणजे शिवराई हे नाणंही होतं आणि मालही!

हे आठवलं ते दौंडच्या एका मित्रामुळे. माझ्यासारखाच कोडर. व्याज हराम म्हणून तो एफडी करत नाही, आणि इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये गुंडाळला. मग पगारातली शिल्लक ठेवायची कुठे? त्याने विचारलं, "बिटकॉइन हा पैसा की वस्तू, एवढंच सांग. पुढचं मुफ्तीसाहेबांना विचारतो."

प्रश्न साधा नाही. शरियतमध्ये चांदीच्या बदल्यात चांदी द्यायची तर समान वजनाने आणि रोख; फरक पडला की रिबा. पण तांब्याचं नाणं, म्हणजे फुलूस? आठव्या शतकात इराकमध्ये यावर गुरु-शिष्यांचंच जमलं नाही. अबू हनीफा आणि अबू यूसुफ म्हणाले, तांब्याला पैसा केलंय ते लोकांच्या रिवाजाने. दोघांनी ठरवून ठराविक नाणी माल म्हणून धरली तर एकाला दोन चालतील. दुसरे शिष्य मुहम्मद अश्-शैबानी म्हणाले, छे! सगळ्यांच्या रिवाजाने झालेला पैसा दोघांच्या मर्जीने वस्तू होत नाही.

मुहम्मद तुघलकाने रिवाजाची वाट न बघता १३२९-३० च्या सुमारास फर्मानच काढलं: पितळ-तांब्याचं नाणं चांदीच्या टंक्याएवढं! अशी नाणी आपल्या दौलताबादलाही पाडली गेली. घरोघरी नकली नाणी निघाली आणि शेवटी खजिन्यातून चांदी मोजून ती परत घ्यावी लागली. (ब्लॉकचेनवाले इथे हसतील. नकलेचा प्रश्न त्यांनी खरंच सोडवलाय, भावाचा नाही.)

आजचे फतवे त्याच फाट्यावर वेगळे होतात. मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरिया मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत एक्स्चेंजवरचे व्यवहार मान्य केले. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये चलन म्हणून ते हराम ठरवलं. कारण घरार, म्हणजे अति अनिश्चितता.

माझं मत? रोख घेऊन ठेवणं यावर वाद होऊ शकतो. पण उधारीच्या पैशावर, हातात नसलेल्या नाण्याचे फ्युचर्स खेळणं बहुतेक मुफ्तींना मान्य नाही, आणि ते मला नुसता इंजिनियर म्हणूनही पटतं. आपल्या आयकर खात्याने तर २०२२ पासून त्याला 'मालमत्ता' म्हणून ३० टक्के करही लावलाय. म्हणजे सरकारदरबारी तरी ती वस्तूच.