वावडे : पहारा आणि लगाम

दम्याच्या माणसाला ‘तुझी प्रकृतीच नाजूक’ असे म्हणून वाटेला लावणे सोपे असते. बेकरीत पीठ मळणाऱ्या एका कामगाराची कैफियत मांडताना आम्ही हे वाक्य मालकाच्या तोंडून ऐकले आहे. वास्तविक रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच पिठाच्या धुळीने खोकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या भटारी लोकांविषयी लिहून ठेवले होते. मग दोष प्रकृतीचा की धुळीचा?

१९०६ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के याने ‘अॅलर्जी’ हा शब्द घडविला. (आमच्या आजीपाशी ‘वावडे’ हा शब्द होताच!) पण शब्दाने कोडे सुटत नाही. ते सुटू लागले १९२१ साली, ब्रेस्लाऊ शहरात. क्यूस्टनर या डॉक्टराला शिजवलेल्या माशांचे वावडे. त्याचे रक्तजल प्राउस्निट्झ याने स्वतःच्या कातडीत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे गांध उठली! म्हणजे वावडे रक्तातील कशात तरी होते, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे नेता येत होते.

हे ‘काहीतरी’ म्हणजे ‘आयजीई’ हे प्रतिपिंड. अमेरिकेत डेन्व्हर येथे इशिझाका पतिपत्नींनी ते १९६६ साली ओळखले; स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक हे स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले. हे प्रतिपिंड ‘मास्ट’ पेशींवर पहारेकऱ्यासारखे बसते. पीठ वा पराग त्याला येऊन चिकटला की पेशी हिस्टामीन ओतते, श्वासनलिका आवळतात, सुजतात. या पेशी एर्लिखने विद्यार्थिदशेत, १८७८ सालीच पाहिल्या होत्या. त्या खाऊनपिऊन पुष्ट झालेल्या आहेत, अशी त्याची समजूत!

परंतु पीठ तर सारेच हुंगतात. मग सर्वांना दमा का नाही? पहाऱ्याला लगाम घालणाऱ्या पेशी असाव्यात, ही कल्पना १९७० नंतर बरीच गाजली, पण पुरावा न टिकल्याने पुढे बदनाम झाली. जपानचे साकागुची मात्र चिकाटीने तिच्यामागे राहिले आणि १९९५ साली त्यांनी अशा पेशी दाखवून दिल्या. २००१ साली ब्रन्को व रॅम्सडेल यांनी अमेरिकेत ‘फॉक्सपी३’ हे जनुक शोधले. त्यात बिघाड असलेल्या मुलग्यांत या पेशी कामाच्या राहत नाहीत. शरीर स्वतःवरच उलटते, आणि शिवाय इसब, अन्नाचे वावडे, रक्तात आयजीईचा पूर. तिघांना २०२५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्या त्या मालकाने अखेर पिठाच्या चाळणीवर झाकण बसविले. तो कामगार तोवर गावी निघून गेला होता.