राज्यपाल आपणच निवडला असता तर?

नारायण पेठेतल्या खोलीतून आजचा छोटा एपिसोड.

अमेरिकेत लोक गव्हर्नरला मत देतात. आपला राज्यपाल मात्र दिल्ली नेमते. असं का? गंमत म्हणजे १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या समितीनं थेट जनतेनंच राज्यपाल निवडावा असं सुचवलं होतं. मे १९४९ मध्ये संविधान सभेनं ते बदललं. एक भीती अशी, की निवडून आलेला राज्यपाल आणि बहुमताचा मुख्यमंत्री, दोघंही म्हणणार, ‘लोक माझ्यामागे!’ मग भांडण ठरलेलंच.

पण चुरस थांबली का? २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. राजभवनात शपथविधी, सुप्रीम कोर्टानं बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि २६ ला राजीनामा. मत आपण दिलं होतं. आधी कुणाला बोलवायचं, हे मात्र आपण न निवडलेल्या माणसानं ठरवलं.

तुम्ही असता तर १९४९ मध्ये हात कुठल्या बाजूनं वर केला असता?